उण्याची वजाबाकी



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमच्या नावापुढे ‘उण्याची वजाबाकी’ हा विषय वाचून पुष्कळांना वाटले असेल की छापखान्याने काहीतरी घोटाळा केला. हमाल-मापाड्यांची संघटना चालविणाऱ्या माणसाने १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलावे, मजुरीच्या दरांवर बोलावे. सहावी-सातवीच्या अंकगणिताशी त्याचे काय नाते? नाते आहे, आणि ते किती जवळचे आहे हे बोलता बोलता आपल्या ध्यानात येईल. आमचे स्वतःचे शिक्षण शाळेत फारसे झालेले नाही. जे झाले ते मोंढ्यातल्या पोत्यांच्या थप्पीवर बसून, रद्दीत आलेली पुस्तके वाचून. त्यामुळे गणिताच्या शिक्षकांना चार गोष्टी शिकवाव्यात असा अधिकार आमच्याकडे नाही. तथापि नांदेडच्या आणि लातूरच्या मोंढ्यात काम करणाऱ्यांची लेकरे संध्याकाळी संघटनेच्या खोलीत अभ्यासाला बसतात, आणि अडले की वह्या घेऊन आमच्याकडे येतात. त्या वह्यांतून जे दिसले तेवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

सातवीतली एक मुलगी. बाप लातूरच्या मोंढ्यात हमाल. तिला आम्ही पाटीवर मांडून दिले: ५ − (−३). तिने डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उत्तर दिले, आठ. कसे गं, म्हणून विचारले, तर म्हणाली, ‘वजा वजा अधिक.’ उत्तर बिनचूक होते. मग आम्ही दुसरे मांडले: −५ − ३. पुन्हा तोच वेग, तोच सूर, तेच उत्तर. आठ. वजा वजा अधिक!

आम्ही विचारले, ‘बाई, तुझ्या बाबांनी दुकानदाराचे पाच रुपये देणे केले आणि वर आणखी तीन रुपयांचे केले, तर त्यांच्या खिशात आठ रुपये येतील काय?’ ती खुदकन हसली आणि म्हणाली, ‘काका, ते वेगळं. हे गणित आहे.’

श्रोतेहो, ‘हे गणित आहे’ या तिच्या तीन शब्दांवर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. घरातले देणे-घेणे तिला चोख समजत होते. किराण्याची उधारी किती, भिशीचा हप्ता किती, सगळे तोंडपाठ. वहीतली आकडेमोडही तिला येत होती. या दोहोंच्या मध्ये मात्र एक भिंत होती, आणि ती तिने बांधलेली नव्हती. ‘वजा वजा अधिक’ हे सूत्र खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते एका लांब विचाराचे उरलेले शेपूट आहे. विचार गेला आणि शेपूट हाती राहिले की ते कोठेही चिकटते. आमचे लातूर परीक्षेतल्या गुणांसाठी नावाजलेले आहे. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आणि सरावाला आमचा मुळीच विरोध नाही. पोते पाठीवर घेणे तरी सरावावाचून कोठे येते? फक्त एवढेच की, पोत्यात तूर आहे की सोयाबीन हे हमालाला ठाऊक असते.

आता या घोटाळ्याचे मूळ पाहा. आपण एक आडवी रेघ काढतो आणि तिच्याकडून दोन निराळी कामे करून घेतो. ५ − (−३) यातली पहिली रेघ आज्ञा देते: काढून टाक. दुसरी रेघ आज्ञा देत नाही. ती वर्णन करते: हे तीन म्हणजे तीनाचे देणे आहे. आणि वर्गात वाचताना मात्र दोघींनाही एकच नाव, ‘पाच वजा वजा तीन’. ज्या घरात दोन मुलींचे नाव एकच ठेवले त्या घरात हाक मारल्यावर कोण येईल याचा नेम काय? −५ − ३ मध्येही दोन रेघा दिसतात, म्हणून लेकरू सूत्र लावून मोकळे होते.

यावर आमचा पहिला उपाय अगदी साधा आणि बिनखर्चाचा आहे. मराठीत शब्दांची टंचाई नाही, ते वापरावेत. आज्ञेला ‘वजा’ म्हणावे. वर्णनाला ‘उणे’ म्हणावे, ‘ऋण’ म्हणावे, किंवा आमच्या मोंढ्यात म्हणतात तसे सरळ ‘देणे’ म्हणावे. ‘पाचातून तीनाचे देणे वजा’ असे वाचले की निम्मे काम वाचण्यातच होते. ही काही आमची नवी युक्ती नव्हे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. वजाबाकीच्या क्रियेशी त्या टिंबाचा गोंधळ होण्याचे कारणच नव्हते. निजामाच्या राज्यात आमच्या वाडवडिलांपैकी जे उर्दू शाळेत शिकले, ते वजाबाकीला ‘तफ्रीक’ म्हणत आणि ऋणाला ‘मनफी’. तेथेही दोन कामांना दोन शब्द. आपण मात्र दोन्ही कामे एका शब्दाच्या गळ्यात घालतो.

शब्द झाले, पण नुसत्या शब्दांनी लेकराची खात्री पटत नाही, हात लावून पाहिल्यावर पटते. आम्ही एक मूठ चिंचोके आणि एक मूठ खडे घेतले. एक चिंचोका म्हणजे पदरचा एक रुपया, एक खडा म्हणजे एक रुपयाचे देणे. आणि आरंभ ५ − (−३) पासून केला नाही. पुष्कळदा लेकरापुढे आधी तेच उदाहरण येते, आणि तेच सर्वांत कठीण आहे. आरंभ केला −५ − (−३) पासून. पाच खडे मांडले. यातून तीन खडे काढ. काढले. काय उरले? दोन खडे, म्हणजे उणे दोन. येथे सूत्र नको, पाठांतर नको. पाच रुपये देणे होते, त्यातले तीन सुटले, दोन राहिले. हे पाच वर्षांच्या लेकरालाही कळेल.

मग ५ − (−३). पाच चिंचोके मांडले आणि म्हणालो, यातून तीन खडे काढ. ती चिंचोक्यांकडे पाहत राहिली. ‘खडेच नाहीत, तर काढू कुठून?’

हा प्रश्न तिने विचारला तेव्हा आम्हांला फार समाधान वाटले, कारण सूत्र म्हणणाऱ्या मुलीला तो कधी पडलाच नसता. घाई करून येथे उत्तर सांगू नये. असल्या शंका घेणारे लोक काही सामान्य नव्हते. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहून ठेवले. म्हणजे आपल्या देशात ही गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वीची. तरीसुद्धा १७५८ साली लंडनमध्ये फ्रान्सिस मॅसेरेस नावाच्या गृहस्थाने, जो वकीलही होता आणि गणितीही, ऋण संख्यांविरुद्ध एक अख्खे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की वजाचे चिन्ह मोठ्यातून लहान काढण्यापुरतेच वापरावे, बाकी सगळा गोंधळ आहे. आणि खुद्द भास्कराचार्यांचे पाहा. वानरांच्या कळपाचे त्यांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्श्यातून तीन वजा करावेत, येईल त्याचा वर्ग करावा, तितकी वानरे गुहेत गेली आणि एक वानर बाहेर दिसले. तर कळप केवढा? याची उत्तरे दोन निघतात, पन्नास आणि पाच. पन्नासाचा पाचवा हिस्सा दहा, त्यातून तीन गेले सात, सातांचा वर्ग एकूणपन्नास, बाहेरचे एक मिळून पन्नास. ठीक. पाचाचा पाचवा हिस्सा एक. त्यातून तीन कसे काढणार? उणे दोन. वर्ग चार, आणि एक मिळून पाच. हिशेब जमतो, तरी भास्कराचार्यांनी ते उत्तर घेतले नाही, कारण समोर दिसणाऱ्या वस्तूंची संख्या उणी व्हावी हे लोकांना पटत नाही, असे ते म्हणतात. ज्या आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला आणि चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ सालचा ज्याचा शिलालेख आहे, त्यांना लोकांच्या मनाची एवढी काळजी होती. मग सातवीच्या मुलीने ‘खडे कुठून आणू’ म्हटले तर आपण तिला चटकन गप्प का करावे?

आता उत्तर. आम्ही तिला विचारले, ‘ज्याच्या हातात दहा रुपये आहेत आणि डोक्यावर दहाचे देणे आहे, त्याची खरी कमाई किती?’ म्हणाली, ‘काहीच नाही.’ तर मग एक चिंचोका आणि एक खडा ही जोडी म्हणजे काहीच नाही. अशा कितीही जोड्या पाटीवर आणून ठेवल्या तरी हिशेबात फरक पडत नाही. हे तिच्याकडून दोन-तीनदा मोजून घेतले: पाच चिंचोके आणि तीन जोड्या. अजूनही पाचच ना? पाचच. आता पाटीवर खडे आले. काढ तीन खडे. तिने काढले, आणि समोर आठ चिंचोके राहिले. ती काही बोलली नाही. तिने ते पुन्हा एकदा मोजले.

लगोलग दुसरे: −५ − ३. पाच खडे मांडले. यातून तीन चिंचोके काढ. चिंचोके नाहीत. आता मात्र तिने आपण होऊन तीन जोड्या आणल्या, चिंचोके उचलले, आणि आठ खडे उरले. उणे आठ. आधी जिथे सुरात अधिक आठ आले होते तिथे हाताने उणे आठ आले. मग वह्या मिटवून आम्ही म्हणालो, आता नियम तू सांग. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘देणं काढून टाकणं म्हणजे तेवढंच येणं घालणं.’ पुस्तकात याला ‘विरुद्ध संख्या मिळविणे’ म्हणतात. तिचे वाक्य आम्हांला अधिक आवडते.

ज्या मुलांना खड्या-चिंचोक्यांचा कंटाळा असतो, त्यांच्यासाठी नुसती एक ओळ पुरते. तीनातून दोन गेले एक, तीनातून एक गेला दोन, तीनातून शून्य गेले तीन. काढावयाचा आकडा एकेकाने उतरतो आहे आणि उत्तर एकेकाने चढते आहे. पुढची पायरी, तीनातून उणे एक. उत्तराने चढणे एकाएकी का थांबवावे? चार. याने नियमाचे कारण कळते असे नाही, पण नियम आभाळातून पडलेला नाही एवढे तरी दिसते.

त्या मुलीने आठवडाभराने आम्हांला एक उलटा प्रश्न घातला. २०१९ च्या डिसेंबरात सरकारने महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने कर्जमुक्तीची योजना जाहीर केली. दोन लाखांपर्यंतचे पीककर्ज त्यात माफ झाले. तिच्या आजोबांचेही झाले. ‘पण काका, त्या दिवशी घरात एक रुपयासुद्धा आला नव्हता. मग देणं काढल्यावर वाढलं काय?’ हा प्रश्न तर आम्ही मोठ्या माणसांच्या सभांतूनही ऐकलेला आहे. आम्ही दोन चिंचोके आणि पाच खडे मांडले. हातात किती? दोन. पण सगळे धरून स्थिती काय? उणे तीन. आता पाचही खडे उचल. हातात किती? दोनच. स्थिती? दोन. हातातले हलले नाही आणि स्थिती पाचने वर आली. −३ − (−५) = २. हात आणि स्थिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि सावकाराची सगळी विद्या या दोहोंची गल्लत करण्यावर चालते, हे आम्ही तिला सांगितले नाही. तिचे वय ते नव्हे. आपणांस सांगतो.

आता मघाशी म्हटलेल्या नात्याकडे येऊ. एका आडत दुकानात एका हमालाच्या खात्यावर नऊशे रुपयांची उचल चुकून दोनदा लिहिली गेली. मजुरी झाली होती ५४०० रुपये. त्यातून ९०० आणि पुन्हा ९०० जाऊन हातावर टेकविले ३६००. हमालाने तक्रार केली, आम्ही मध्ये पडलो, मालकाने चूक मान्य केली आणि मुनीमाला सांगितले, ‘ते जास्तीचे नऊशे वजा करून टाका.’ मुनीमाने आज्ञा पाळली. त्याने ३६०० मधून ९०० वजा केले आणि खात्यावर २७०० दाखविले. व्हावयास हवे होते ४५००. मागच्या देण्यापेक्षा नवी दुरुस्ती गरिबाला महाग पडली, अठराशे रुपयांनी. त्यात मुनीमाची लबाडी होती असे आम्हांला वाटत नाही. त्याला खरोखरच वाटत होते की वजा करावयास सांगितले, वजा केले. आणि हमालाची अडचण अशी की काहीतरी चुकले आहे हे त्याला पोटातून कळत होते, पण तोंडाने मांडता येत नव्हते. ‘वजा करा’ असे तर तोच म्हणत आला होता!

तेव्हा बापाबरोबर आलेली ही मुलगी म्हणाली, ‘मुनीम काका, नऊशे वजा नव्हते करायचे. नऊशेचं देणं वजा करायचं होतं.’

मुनीमाने चष्मा काढून पुसला. खातेवहीत त्याने लाल शाईने ती ओळ खोडली आणि ४५०० लिहिले. अशी तक्रार तडीस नेण्यासाठी आम्हांला एरवी तीन खेपा आणि एक अर्ज लागतो.

एक गोष्ट आणखी सांगावयाची राहिली. पुस्तकांत ऋण संख्या समजाविताना बर्फाळ प्रदेशाचे तापमान देतात. रात्री उणे चार अंश, दुपारी सहा अंश. ज्या लेकराने नांदेडचा मे महिना काढला आहे त्याला उणे चार अंश म्हणजे काय ठाऊक? ते त्याच्यासाठी परीकथेइतकेच दूर. पण उणे आकडा मराठवाड्याच्या वर्तमानपत्रात दर काही वर्षांनी पहिल्या पानावर येतो, हे आमच्या शिक्षकमित्रांच्या ध्यानात आणून द्यावेसे वाटते. २०१९ च्या उन्हाळ्यात जायकवाडीचा साठा उणे झाला होता. धरणात पाणी उणे कसे असेल? पाणी होते. जायकवाडीच्या तळाशी सुमारे ७३८ दशलक्ष घनमीटरचा मृतसाठा धरलेला आहे, आणि शून्याची रेघ त्याच्या वर मारलेली आहे. रेघेखालून पाणी उचलले की आकडा उणे. म्हणजे शून्य हा धरणाचा तळ नव्हे, माणसाने ठरविलेली खूण आहे. लातूरच्या मुलांना हे सांगावे लागत नाही. मांजरा धरण आटल्यावर २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. ते ज्यांच्या घरी घागरीने मोजून घेतले, त्यांना उणेपणाचा धडा वेगळा कशाला द्यावा?

आता या धरणावरच वजाबाकीचा दुसरा अर्थ दाखविता येतो. वजाबाकी म्हणजे नेहमीच काढून टाकणे नसते. पुष्कळदा ती अंतर मोजते. समजा, मेअखेर साठा उणे ८ टक्के होता आणि ऑगस्टमध्ये ३० टक्के झाला. पाणी किती टक्क्यांनी चढले? लेकरू बोटाने रेघ दाखवून सांगते: आठ रेघेपर्यंत आणि तीस रेघेच्या वर, अडतीस. ३० − (−८) = ३८. येथे कोणाचे देणे नाही, चिंचोका नाही, खडा नाही. तरी उत्तर तेच येते. दोन वाटांनी जाऊन एकाच गावी पोहोचलो की वाट चुकली नाही याची खात्री होते. एकच चित्र दाखवून थांबू नये असे आम्ही म्हणतो ते यासाठी. संख्यारेषा मात्र आम्ही शेवटी आणतो. डावीकडे तोंड करून मागे चालावयाचे की उजवीकडे तोंड करून, यातच मुलांचा अर्धा तास जातो.

अध्यक्षमहाराजांकडून वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. नांदेडच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न सांगतो आणि खाली बसतो. त्याने विचारले, ‘देण्याला देण्यानं गुणलं तर काय होतं?’ देण्याला देण्याने गुणता येत नाही, तसे रुपयाला रुपयानेही येत नाही. पण ‘पाच रुपयांचे देणे तीन वेळा काढून टाक’ असे म्हणता येते, आणि −३ गुणिले −५ याचा अर्थ तसा घेता येतो. पाटी रिकामी होती. पंधरा खडे काढावयाचे तर पंधरा जोड्या हव्यात. खडे दारात पुष्कळ होते. चिंचोके नऊच निघाले. तेव्हा त्याने खोलीच्या कोपऱ्यात सांडलेले सोयाबीनचे सहा दाणे वेचून आणले आणि जोड्या पुऱ्या केल्या.